सांगलीत नानक जयंतीला 300 माणसांचा लंगर: प्रमाण, पंगत आणि नामदेवांची पदं

विजयनगर_सांगली यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या शीख आणि सिंधी कुटुंबांसोबत मिळून कार्तिक पौर्णिमेला गुरू नानक जयंतीचा लंगर करायचं आमच्या भजनी मंडळाने ठरवलंय. सकाळचा दिवाण (कीर्तनाची सभा) आणि अरदास (सामूहिक प्रार्थना) ती मंडळी गुरुद्वाऱ्यात करणार आहेत. दुपारचं जेवण मंगल कार्यालयात, साधारण 300 माणसांचं. मंडळात बहुतेक वारकरी आहेत, कार्तिकी एकादशी करून नुकतेच परतलेले असतील, म्हणून नामदेव महाराजांची पदं म्हणायची फार इच्छा आहे.

जाणकारांनी एवढं सांगावं. ग्रंथसाहिब कार्यालयात आणायची विनंती करावी का? नामदेवांची पदं मंडळाने कुठे आणि कशी म्हणावीत? कार्यालयात टेबल-खुर्च्या आहेत, बुफे लावला तर चालेल का? आणि 300 माणसांना डाळ, फुलके, भाजी, खीर यांचं नेमकं प्रमाण काय धरावं? आचारी लावायचा नाही, हाताने करायचंय.

माहुली_संगम (सातारा)

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: विनंती करू नका. गुरू ग्रंथसाहिब हा शिखांसाठी विद्यमान गुरू आहे. 1708 साली नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी आपल्यानंतर ग्रंथच गुरू, असं सांगितलं. त्यामुळे त्याचा प्रकाश करायचा, म्हणजे तो विधीपूर्वक उघडून ठेवायचा, तर वर चांदोआ (छत), खाली मंजी (छोटी खाट), रुमाले (झाकायची वस्त्रं), चौर (चवरी), शेजारी सतत बसलेला सेवादार आणि संध्याकाळी सुखासन (ग्रंथ मिटून विश्रांतीला ठेवणं), हे सगळं लागतं. नेताना डोक्यावर घेऊन, चौर ढाळत नेतात. लग्नासाठी हॉटेल, क्लब, मॅरेज पॅलेस अशा जागी सरूप (ग्रंथसाहिबाची प्रत) नेण्यावर अकाल तख्ताने, म्हणजे शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाने, बंदी घातलेली आहे, कारण तिथे एरवी दारू-मटणाच्या पंगती उठतात. तुमचा प्रसंग लग्नाचा नसला तरी कार्यालय त्याच जातीचं. यजमानांना नाही म्हणणं अवघड जातं, म्हणून त्यांच्यावर ती वेळ आणू नये.

सकाळी मंडळाने गुरुद्वाऱ्यात जावं. माथा टेकावा, दिवाणात खाली बसावं, अरदासला उभं राहावं, हुकमनामा (ग्रंथसाहिबातून त्या वेळी वाचलेलं पद) ऐकावा, ओंजळ पुढे करून कडा प्रसाद (कणकेचा शिरा) घ्यावा आणि मग कार्यालयाकडे यावं. डोकं झाकायला साधा रुमाल किंवा उपरणं. फेटा बांधला असेल तर उत्तमच. टोपी मात्र टाळा, शीख रीतीत टोपी चालत नाही, आणि वारकऱ्यांच्या डोक्यावर नेमकी पांढरी टोपी असते. वर उपरणं गुंडाळलं की प्रश्न मिटला. पाय ग्रंथसाहिबाकडे पसरू नयेत. प्रसाद नको म्हणू नये. मधुमेह असेल तर "थोडा" म्हणावं, तेवढाच देतात.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडे हमखास होते. कार्यालयात स्टेजवर नानकांची तसबीर, हार, समई, पाच वाती, आरती, नारळ. हे करू नका. ताटात दिवे घेऊन ओवाळणं शीख मर्यादेत बसत नाही. नानकांनी धनाश्री रागात जी आरती लिहिली, तिच्यात आकाश हेच ताट, सूर्य-चंद्र हे दिवे आणि तारे हे मोती आहेत. त्याच दिवशी आपली त्रिपुरी पौर्णिमा असते, कृष्णेच्या घाटावर दिवे लावायचेच असतात. ते संध्याकाळी घाटावर लावा. लंगराच्या जागेत नको.

मिरज_तंबोरा

नामदेवांच्या पदांविषयी लिहितो, कारण यात उत्साहाच्या भरात चुका होतात.

1604 साली गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला, भाई गुरदासांनी तो लिहून काढला. त्यात गुरूंच्या वाणीबरोबर कबीर, रविदास, शेख फरीद, त्रिलोचन, परमानंद अशा 15 भगतांची वाणी आहे. त्यात नामदेवांची 61 पदं आहेत, 18 रागांत विभागलेली: गौडी, आसा, गुजरी, सोरठ, धनाश्री, तोडी, तिलंग, बिलावल, गोंड, रामकली, माली गौडा, मारू, भैरव, बसंत, सारंग, मल्हार, कानडा आणि प्रभाती. आपल्या गाथ्यातले मराठी अभंग त्यात नाहीत. ही पदं उत्तरेच्या भाषेतली आहेत. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यात घुमान इथे नामदेवांचं स्थान आहे, 2015 चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं होतं.

आता नियम. शीख रहत मर्यादेनुसार (आचारसंहितेनुसार) संगतीत, म्हणजे ग्रंथसाहिबासमोरच्या दिवाणात, कीर्तन फक्त गुरबाणीचं, म्हणजे गुरूंच्या ग्रंथातल्या वाणीचं होतं. शिवाय भाई गुरदास आणि भाई नंदलाल यांच्या रचना चालतात. आणि ते कीर्तन शिखानेच करायचं असतं. म्हणजे मंडळाने सकाळच्या दिवाणात टाळ-मृदंग घेऊन बसायचं नाही, "रूप पाहता लोचनी" तर नाहीच. रागी जत्थ्याला (गुरुद्वाऱ्यात कीर्तन करणाऱ्या मंडळींना) आदल्या आठवड्यात भेटून "दिवाणात भगत नामदेवजींचा एखादा शबद घ्याल का" एवढंच विचारा. आनंदाने घेतील.

दुपारी कार्यालयात ग्रंथसाहिब नसेल, तेव्हा पंगती बसायच्या आधी अर्धा तास मंडळाने म्हणावं. तिथे आपले अभंग आणि ती पदं दोन्ही चालतील. मी तीन पदं सुचवतो. आसा रागात, अंग 485 वर (ग्रंथसाहिबाच्या पृष्ठाला अंग म्हणतात, एकूण 1430), मन हा गज आणि जीभ ही कात्री करून यमाचा फास मापून मापून कापतो, असं म्हणणारं शिंपी नामदेवांचं पद आहे. त्याच अंगावर आणखी एक आहे: देवाला स्नान घालायला घागर भरून आणावी तर पाण्यात जीव राहतात, फुलं आणावी तर भुंग्याने आधीच वास घेतलेला. त्यात "आनीले", "भराईले", "भैला" असे शब्द येतात आणि बीठलाचं नावही, त्यामुळे आपल्या माणसांच्या तोंडात ते लगेच बसतं. तिसरं रामकलीतलं, अंग 972: पतंग उडवणारा मुलगा मित्रांशी बोलतो पण चित्त दोरीवर, पाणी आणणाऱ्या बाया हसतात-खिदळतात पण चित्त घागरीवर, आणि पाच कोसांवर चरणाऱ्या गाईचं चित्त वासराकडे.

म्हणताना दोन गोष्टी सांभाळा. देवनागरीत छापलेल्या गुरबाणीत शब्दाच्या शेवटी ऱ्हस्व इकार-उकार दिसतात: नामु, मनु, हरि. नामु-मनुचा उकार व्याकरणापुरता आहे, उच्चार नाम, मन असाच करायचा. आपली मंडळी छापलेलं जसंच्या तसं वाचतात आणि चाल लंगडते. दुसरं, ज्या ओळीनंतर "रहाउ" लिहिलंय ती ओळ धृपद. पद छापील क्रमाने सुरू न करता रहाउच्या ओळीने उचला, प्रत्येक कडव्यानंतर तिथेच परत या. शब्द गाळायचे नाहीत, मध्ये "विठ्ठल विठ्ठल" घालायचं नाही, "जय जय रामकृष्ण हरी" आधी किंवा नंतर. पदाच्या पोटात बाहेरचा एक शब्दही जाऊ नये. शीख माणूस समोर बसला असेल तर त्याला ते ताबडतोब खटकतं, आणि खटकायलाच हवं.

कुपवाड_रसोई

प्रमाणावर मी लिहिते. 300 हा आकडा धरून देते. माणसं वाढली तर काय वाढवता येतं आणि काय येत नाही, तेही सांगते.

डाळ. लंगरातली नेहमीची डाळ म्हणजे अख्खे काळे उडीद आणि हरभरा डाळ. उडीद 10 किलो, हरभरा डाळ 4 किलो. उडदाचं घुटं खाणाऱ्या आपल्या भागाला ही चव परकी नाही. उडीद आदल्या रात्री भिजत घाला, आठ तास तरी. हरभरा डाळ सकाळी तासभर पुरे. शिजून साधारण 75 ते 80 लिटर डाळ होते, म्हणजे माणशी पाव लिटर. हे सगळं एकाच पातेल्यात घालू नका. 60 लिटरची दोन पातेली घ्या. पहिल्या उकळीला उडदाचा फेस इतका चढतो की भरलेलं पातेलं उतू जाऊन शेगडी विझते आणि गॅस तसाच सुटत राहतो. म्हणून सुरुवातीला एक माणूस झारा घेऊन फेस काढायला उभाच हवा.

पाणी कोणतं, हा यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. बोअरच्या जड पाण्यात उडीद चार तास उकळले तरी टणक राहतात. पाण्यातलं कॅल्शियम दाण्याच्या पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट करतं. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडून, किंवा तिकडे माण-खटावकडून टँकर येणार असेल तर डाळीपुरतं तरी नळाचं नदीचं किंवा आरओचं पाणी घ्या, 80 लिटर लागेल. आंबटाचंही तसंच: टोमॅटो, चिंच, आमचूर डाळ बोटाने दाबून पूर्ण मऊ झाल्यावरच. आधी टाकलंत तर ती तिथेच थांबते. सोडा टाकून मऊ करायचा मोह टाळा, डाळ चिकट आणि साबणासारखी लागते.

उघड्या पातेल्यात साडेतीन ते चार तास धरा. पहिली उकळी मोठ्या आचेवर, मग मध्यम. अर्धी शिजल्यापासून दर दहा मिनिटांनी लांब दांड्याच्या लाकडी उलथण्याने तळापासून ढवळा. पाणी कमी पडलं तर उकळतंच घाला, गार पाण्याने उकळी मोडते. तळ लागलाच तर खरवडू नका. वरची डाळ न हलवता दुसऱ्या पातेल्यात ओता आणि खालची सोडून द्या. एकदा उलथणं फिरलं की 40 लिटरला करपट वास लागतो.

फोडणीला तूप दीड किलो, कांदा 4 किलो, टोमॅटो 4 किलो, आलं पाऊण किलो, लसूण अर्धा किलो, हिरवी मिरची 300 ग्रॅम, हळद 150 ग्रॅम, मीठ 800 ग्रॅम. मीठ दोनदा विभागून घाला, दुसरं चव घेऊन नव्हे तर मापाने, कारण लंगरातलं अन्न अरदासच्या आधी चाखत नाहीत. म्हणूनच सगळं वजन करून घ्यायचं. अंदाजावर स्वयंपाक करणाऱ्या हातांना हे जड जातं, पण मर्यादा तीच आहे. आपला कांदा-लसूण मसाला यात नको. पंगतीत दोन वर्षांचं पोर आणि ऐंशीची आजी एकाच बादलीतून जेवतात, तिखट दोघांनाही झेपेल असंच हवं.

फुलके. भात असेल तर माणशी अडीच ते तीन फुलके पुरतात, म्हणजे 750 ते 900. एका किलो कणकेचे 32 च्या आसपास होतात, तेव्हा 28 किलो कणीक आणि 5 किलो राखीव. किलोला 600 ते 650 मिली पाणी. नवीन गव्हाची कणीक कमी पिते. मळून अर्धा तास ओल्या कापडाखाली ठेवा, नाहीतर लाटताना मागे सरकते आणि फुलका फुगत नाही. मोठ्या तव्यावर एका वेळी बारा-पंधरा भाजले जातात, त्यामुळे तवा कधी अडत नाही, अडतं ते लाटणं. सवय नसलेला माणूस तासाला साठच्या वर लाटत नाही. तीन तासांत 900 हवे असतील तर सतत पाच जणी, किंवा पाच जण, लाटायलाच. पुरुष मंडळी पोळपाटावर बसायला लाजतात. लंगरात सगळे लाटतात, आधीच सांगून ठेवा. भाजलेले फुलके सुती कापड अंथरलेल्या टोपलीत सैल ठेवा. गरम गरम स्टीलच्या डब्यात रचून झाकण लावलं की वाफेने खालचे सगळे लगदा होतात. वरून तूप लावायला दीड किलो.

भाजी आलू-गोबी. बटाटा 18 किलो, फ्लॉवर 20 किलो (देठ-पाला काढून 12 च्या आसपास उरतो), मटार सोलून 3 किलो, तेल अडीच लिटर. फ्लॉवर चिरून हळद-मिठाच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवा, अळी वर येते. बटाटा आधी निम्मा शिजवून मग फ्लॉवर; एकदम टाकलं तर बटाटा कच्चा आणि फ्लॉवरचा गाळ. झाकण ठेवू नका.

भात 12 किलो तांदळाचा. 6 किलोचे दोन घाणे करा, दुसरा पहिली पंगत बसल्यावर टाका.

खीर. 25 लिटर दूध, 2 किलो तांदूळ, अडीच किलो साखर. माणशी छोटी वाटी. लंगरातल्या खिरीचा मान फार जुना आहे: दुसरे गुरू अंगददेव यांच्या पत्नी माता खीवी लंगर सांभाळत, आणि त्यांच्या हातच्या तुपाच्या खिरीचा उल्लेख ग्रंथसाहिबात नावानिशी आहे. खीर सकाळी सगळ्यात आधी लावू नका. सहाला झालेली खीर दोन वाजेपर्यंत कोमट पातेल्यात बसली की नासते, आणि वासावरून ते कळतही नाही. नऊ वाजता लावा, साडेअकराला उतरवा, वाढेपर्यंत वाफ निघेल इतकी गरमच ठेवा.

गॅसचे 19 किलोचे दोन सिलिंडर आणि तिसरा राखीव. वेळ उलटी मोजा: एकला पहिली पंगत, तर डाळ सकाळी सातला शेगडीवर.

माणसं वाढली तर डाळीत उकळतं पाणी आणि मीठ घालून तीसेक माणसं निघतात, भात वीस मिनिटांत वाढतो. फुलके आणि खीर ऐनवेळी वाढत नाहीत, म्हणून फुलका पहिल्यांदा दोनच वाढा, तिसरा मागितला की द्या.

कराडकर_ताई

टेबल-खुर्चीबद्दल. या प्रश्नावर कॅनडात मोठा वाद झाला होता. ब्रिटिश कोलंबियात जुन्या गुरुद्वाऱ्यांमधून लंगराच्या दालनात टेबल-खुर्च्या वापरायची वहिवाट पडली होती. 1998 साली अकाल तख्ताने हुकमनामा (इथे अर्थ धर्माज्ञा) काढला की लंगर जमिनीवर पंगतीतच घ्यायचा. तिथल्या संगतीत त्यावरून उभी फूट पडली. तेव्हा हा केवळ सोयीचा प्रश्न आहे असं समजू नका. तिसरे गुरू अमरदास यांनी गोइंदवालला नियम केला होता, आधी पंगत मग संगत. गुरूंची भेट हवी तर आधी सगळ्यांबरोबर एका ओळीत बसून जेवायचं. अकबर बादशहाही तिथे पंगतीत बसून जेवला, असं परंपरा सांगते. जातीप्रमाणे वेगळ्या पंगती बसायच्या त्या काळात हे केलेलं आहे. बुफेत आधी पोचलेल्याला गरम मिळतं आणि म्हाताऱ्याला रांग. पंगतीत सगळ्यांना एकच अन्न, एकाच वेळी, एकाच उंचीवर.

म्हणून कार्यालयातल्या खुर्च्या रचून बाजूला करा, भाड्याच्या सरळ लांब पट्ट्या अंथरा. गुडघे दुखणाऱ्यांसाठी भिंतीलगत दोन बाकं ठेवा, ते सगळीकडे चालतं. पण ती बाकं नगरसेवक, देणगीदार यांच्यासाठी नाहीत. पाहुण्यांसाठी वेगळी पंगत, वेगळं ताट, आधी वाढणं, यातलं काही नको. देणगीदारांच्या नावांचा फलक जेवणाच्या जागेत लावू नका.

75 ची एक पंगत, चार पंगती. एक पंगत 25 मिनिटांत उठते. वाढायला डाळीला दोन, भाजीला एक, फुलक्याला दोन, भाताला एक, खिरीला एक, पाण्याला दोन, असे नऊ जण; सगळ्यांची डोकी झाकलेली, पाय उघडे. फुलका ताटात टाकत नाहीत, जेवणारा दोन्ही हात पुढे करतो आणि त्यावर ठेवतात. हे आपल्या लोकांना माहीत नसतं. पहिल्या पंगतीला माइकवरून एकदा सांगा, म्हणजे वाढणारा ताटकळत नाही. फुलक्याला प्रशादा म्हणतात. वाढणारा "प्रशादा जी" म्हणत आला तर गडबडू नका.

ताटं 300 नकोत. 160 ताट-वाट्यांमध्ये दोन पंगती चालतात, तोवर पहिली धुऊन येतात. धुण्याला चार टब एका ओळीत: उष्टं काढायचा, साबणाचा, साध्या पाण्याचा, आणि शेवटी कडकडीत गरम पाण्याचा. साबणाचं पाणी प्रत्येक पंगतीनंतर बदला. नाही बदललं तर तिसऱ्या पंगतीची ताटं तेलकट होतात आणि खिरीला साबणाचा वास येतो. थर्माकोलची ताटं 2018 पासून महाराष्ट्रात बंदच आहेत, पण तसंही भांडी घासणं ही लंगरातली मोठी सेवा मानतात. चपला सांभाळणं हीसुद्धा. मंडळातल्या मानकऱ्यांना नेमकी ती द्या.

विजयनगर_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. मर्यादेची माहिती इतकी नेमकी मिळेल असं वाटलं नव्हतं. अजून तीन गोष्टी विचारतो. कडा प्रसाद आमच्या मंडळाने करून गुरुद्वाऱ्यात न्यावा का? आमच्या लोकांच्या खिशात तंबाखू-चुन्याची डबी असतेच, तिचं काय? आणि सिंधी कुटुंबं त्यांच्या दरबारात ग्रंथसाहिब ठेवतात, पण पगडी-केस ठेवत नाहीत. स्वयंपाकात कोण काय करणार यात काही भेद धरायचा का?

माहुली_संगम (सातारा)

शेवटच्यापासून सुरू करतो. सिंधी कुटुंबांची परंपरा नानकपंथी आहे. 1947 नंतर ती इकडे आली तेव्हा नानकांची वाणी बरोबर घेऊनच आली. ज्यांनी अमृत (दीक्षा) घेतलंय ते खालसा, पाच ककार (केस, कंगवा, कडं, कच्छा, किरपाण) पाळणारे. नानकपंथी सहसा अमृत न घेता वाणी मानतात. लंगराच्या कामात हा भेद येत नाही. अंघोळ केलेला, डोकं झाकलेला, अनवाणी आणि व्यसन बाहेर ठेवून आलेला कोणीही कणीक मळू शकतो. मात्र कार्यालयात अन्न तयार झाल्यावर अरदास शीख ग्रंथी (ग्रंथसाहिबाचा पाठ करणारे) किंवा त्यांनी सांगितलेली व्यक्ती करेल, ती मंडळाने आपल्याकडे घेऊ नये. प्रत्येक पदार्थाचं थोडं थोडं एका ताटात काढून अरदास होते, किरपाण (छोटी कट्यार) लावतात, आणि ते पुन्हा त्या त्या पातेल्यात मिसळतात. त्याच्या आधी एकही ताट वाढायचं नाही, लहान मुलांनासुद्धा. मुलं भुकेजतात, म्हणून अरदास वेळेवर व्हावी याची काळजी घ्या. बाराला बोलावलेल्या ग्रंथींना पावणेबाराला आणायला माणूस पाठवा.

तंबाखू: शीख धर्मात ती चार मोठ्या कुरहितांपैकी (वर्ज्य गोष्टींपैकी) एक आहे. गुरुद्वाऱ्याच्या आवारात आणि लंगराच्या जागेत डबी खिशातसुद्धा नको. गुटखा, मिसरीही त्यातच आलं. दारात चपलांच्या स्टँडशेजारी झाकणाचा डबा ठेवा, नावाची चिठ्ठी लावून पुड्या तिथे टाकायच्या, जाताना घ्यायच्या. तोंडात बार असलेल्या माणसाने चूळ भरूनच आत यावं. हे आदल्या भजनाला सगळ्यांसमोर एकदा स्पष्ट सांगा, ऐनवेळी दारात सांगितलं की माणूस दुखावतो. मद्य घेतलेल्याला त्या दिवशी सेवेला घेऊ नका.

कुपवाड_रसोई

कडा प्रसाद घरी करून न्यायची परवानगी मर्यादेत आहे, पण पहिल्यांदाच करणाऱ्यांनी रसद (कच्चं सामान) द्यावी आणि त्यांच्या सेवादाराबरोबर तिथल्याच कढईत करायला उभं राहावं. 300 जणांना 50 ग्रॅमच्या हिशोबाने कणीक 3 किलो, तूप 3 किलो, साखर 3 किलो, पाणी 9 लिटर. तिन्ही समान ही रीत आहे, आणि समान म्हणजे काट्यावर. वाटीने मोजलं तर एक वाटी कणीक साखरेपेक्षा बरीच हलकी भरते, प्रसाद अतिगोड होतो आणि तूप वर तरंगतं. गिरणीत कणीक लाडवाच्या पिठासारखी रवाळ दळून आणा. मैदा किंवा रवा नको. वेलची, बदाम, बेदाणेही नकोत.

पाण्यात साखर विरघळवून वेगळ्या पातेल्यात उकळत ठेवा. पाक करायचा नाही, फक्त गरम. जाड लोखंडी कढईत तूप तापलं की कणीक घालून मंद ते मध्यम आचेवर सलग परता. एवढ्या मापाला 25 ते 30 मिनिटं लागतात. रंग बदामी झाला आणि तूप कडेला सुटू लागलं की भाजणं पुरे. दोन मिनिटं जास्त झाली तरी कडवट होतो, कमी झाली तर कच्च्या पिठाची चिकट चव राहते. आता आच पूर्ण बंद करून गोड पाणी तीन-चार टप्प्यांत ओता. हा सगळ्यात धोक्याचा क्षण: भाजलेल्या कणकेवर पाणी पडलं की उकळती वाफ आणि शिंतोडे कोपरापर्यंत उडतात. ओतणारा वेगळा, ढवळणारा वेगळा, उलथण्याला दोन हात लांब दांडा, मुलं कढईपासून दूर. पाणी गार असेल तर गुठळ्या होतात आणि त्या मोडत नाहीत. मग पुन्हा मंद आच आणि कढईच्या कडा सोडेपर्यंत ढवळा.

करताना गप्पा नाहीत, वाणीचा पाठ किंवा "वाहेगुरू" जप चालतो. झाल्यावर स्वच्छ कापडाने झाकून ठेवायचा. आनंद साहिब (गुरबाणीतली एक रचना) आणि अरदास झाल्यावर किरपाणीने भोग लागतो, पाच प्याऱ्यांचा (खालसाचे प्रतिनिधी असलेल्या पाच अमृतधारी शिखांचा) वाटा आधी निघतो, मग तो संगतीत वाटतात. कार्यालयात तोच पदार्थ पुन्हा केलात तर त्याला कडा प्रसाद म्हणू नका. तिथे खीर आहेच.

भिजवायच्या उडदाला आदल्या संध्याकाळी खडे बघून घ्या; बाजारातल्या अख्ख्या उडदात हमखास असतात, आणि काळ्या दाण्यात ते रात्री दिव्याखाली दिसत नाहीत.